लाकडी डॉलर

मिशिगनमधल्या आमच्या गावात शनिवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. तिथे मी टोकनच्या टेबलावर बसते. काम पगारी आहे, पगार मात्र सांगण्यासारखा नाही.

ज्यांना सरकारकडून किराण्यासाठी मदत मिळते, त्यांच्याकडे एक कार्ड असतं. देशभर त्याला ईबीटी म्हणतात, आमच्या राज्यात ब्रिज कार्ड, कारण त्यावर मॅकिनॉ पुलाचं चित्र आहे. जुनी माणसं अजून 'फूड स्टँप'च म्हणतात. सुपरमार्केटात हे कार्ड सरळ चालतं. पण ट्रकमधून भाजी घेऊन आलेल्या शेतकऱ्याकडे ते घेणारं मशीन बहुतेक वेळा नसतं. म्हणून लोक आधी माझ्याकडे येतात. मी कार्ड ओढते आणि डॉलरला एक या हिशेबाने लाकडी टोकनं मोजून देते. शेतकरी ती घेतात, संध्याकाळी बाजाराच्या ऑफिसात भरतात आणि नंतर त्यांना चेक मिळतो. शिवाय कार्डावरचे दहा वापरले की दुसऱ्या रंगाची दहा टोकनं फुकट, दिवसाच्या मर्यादेत. त्यांची फक्त फळं आणि भाज्या येतात. 'डबल अप फूड बक्स' नावाची ही योजना २००९ साली डेट्रॉइटच्या पाच बाजारांतून सुरू झाली.

नव्या माणसाला वाटतं, काय भन्नाट नवी कल्पना! तसं काही नाही. अमेरिकेत ही मदत पहिल्यांदा १९३९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात सुरू झाली, तेव्हाही दोनच रंग होते. एक डॉलरची नारिंगी तिकिटं विकत घेतली की पन्नास सेंटची निळी वर मिळायची. निळ्यावर फक्त तेच मिळायचं, जे त्या वेळी शेतकऱ्याकडे जास्तीचं पिकून पडलेलं असे. इतक्या वर्षांनी आम्ही फक्त कागदाचं लाकूड केलं.

तर तो शनिवार, १ नोव्हेंबर २०२५. खर्चाला संसदेची मंजुरी नसल्याने सरकारचं कामकाज महिनाभर ठप्प होतं आणि वॉशिंग्टनने सांगून टाकलं होतं की नोव्हेंबरचे पैसे येणार नाहीत. देशात सव्वाचार कोटींच्या आसपास लोक या मदतीवर, आमच्या राज्यात चौदा लाखांच्या आसपास. आदल्याच दिवशी दोन न्यायालयांनी राखीव निधी वापरा असं बजावलं होतं, पण त्यातून कोणाच्या कार्डावर कधी काय पडणार, हे सांगणारं कोणी नव्हतं.

गंमत अशी की मिशिगनमध्ये एक तारखेला कोणालाच पैसे मिळत नाहीत. मदतीसाठी दिलेल्या तुमच्या ओळख-क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य असेल तर तीन तारीख, एक असेल तर पाच, असं करत नऊवाल्यांची एकवीस. म्हणजे त्या सकाळी कोणाचंच काही बुडालेलं नव्हतं. पण अफवा अशी पसरली होती की कार्डावर शिल्लक आहे तेही मध्यरात्री बारा वाजता गेलं.

सात वाजता, गुडुप अंधारात, माझ्या टेबलापासून पार मधवाल्याच्या तंबूपर्यंत रांग होती. एरवी त्या वेळेला कुत्री फिरवणारे दोन-चार लोक असतात. पहिल्या काही जणांना टोकनं नकोच होती, फक्त शिल्लक बघायची होती. मशीन चिटोरं छापायचं, मी ते द्यायचे, आणि आकडा बघून माणूस हुश्श करायचा. एका मुलीने ते चिटोरं घडी करून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवलं. मी प्रत्येकाला तेच सांगत होते की जुनी शिल्लक कुठे जात नाही, कार्ड नऊ महिने वापरलंच नाही तरच जाते. एकाला सांगितलं की मागचे पाच ऐकायचे, तरी स्वतःची पाळी आली की तेच विचारायचे. बरोबरच आहे म्हणा.

मग डेट्रॉइटच्या टायगर्स या बेसबॉल संघाची टोपी घातलेले एक आजोबा आले. दर आठवड्याला पाच-सात टोकनं नेणारे, एकटेच राहणारे. कार्डावर दोनशेच्या वर शिल्लक.

"सगळे काढ," म्हणाले.

मी समजावलं. ही टोकनं फक्त याच बाजारात चालतात. इथे दूध नाही, तेल नाही, कॉफी नाही. नोव्हेंबर संपला की आम्ही हिवाळ्यापुरता गाशा गुंडाळतो, मग थेट मेमध्ये. सुट्टे पैसेही मिळत नाहीत. जोडीची टोकनंसुद्धा मर्यादेपलीकडे देता येत नाहीत, म्हणजे सगळे काढून फायदा काहीच नाही, उलट अडकून बसाल.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "कार्डातलं मला दिसत नाही," म्हणाले. "हे खिशात वाजतं."

नियम तपासला. आमच्याकडे वरची मर्यादा नाही आणि पैसे त्यांचे आहेत. दिले मोजून. दोन्ही खिसे भरले, उरलेली मी ब्रेडच्या कागदी पिशवीत घालून दिली.

हे मागच्यांनी पाहिलं, आणि मग काय विचारता! पन्नास मागणारे शंभर मागू लागले. दहाच्या सुमाराला पेटी रिकामी. बँकेतली रोकड संपावी तसा प्रकार, फक्त इथली बँक म्हणजे प्लास्टिकचा डबा. मदतीला एक कॉलेजचा मुलगा असतो, त्याला बादली देऊन पिटाळलं. शेतकऱ्यांच्या गल्ल्यात सकाळपासून जमलेली टोकनं मोजून घ्यायची, चिठ्ठीवर आकडा आणि सही घ्यायची, की तीच टोकनं परत रांगेत. मॅनेजरबाईंना हे हिशेबाच्या दृष्टीने मुळीच आवडलं नसतं, पण त्या स्वतःच तेव्हा पार्किंगमध्ये गाड्या लावून घेत होत्या. सफरचंदवाल्याने बादली बघून विचारलं, "आता माझ्याकडूनच उधार?" आणि दोन्ही हातांनी ओंजळी भरून दिल्या.

रांगेत एक बाई इंग्रजीत सुरुवात करून थांबल्या. "तुम्ही मराठी ना? मंडळाच्या गणपतीत पाहिलंय तुम्हाला."

"हो. बोला ना."

"मग नीट सांगा. परवा माझी तारीख आहे. येणार का पैसे?"

इकडे ग्रीन कार्ड मिळालं तरी मोठ्या माणसाला या मदतीसाठी साधारण पाच वर्षं थांबावं लागतं. व्हिसावर असलेल्यांचा तर प्रश्नच येत नाही. त्यामुळे आपल्या लोकांचा समज असा की हे कार्ड 'त्या' लोकांचं. मंडळात कोणी ते खिशातून बाहेर काढणार नाही. या बाईंना मात्र आसपास कोणाला मराठी कळत नाही हे बरंच पडलं. मोकळेपणाने विचारत राहिल्या.

"ताई, काल कोर्टाने द्या म्हणून सांगितलंय. परवा मिळतील असं मात्र मी सांगणार नाही."

"माझ्याकडे चौतीस आहेत. सगळे इथे घालू?"

"वीस घाला. वीस वरून मिळतील. चौदा दूध-तांदळाला राहू देत."

"आणि चाळीसात टिकेल असं काय घेऊ? मुलं दोन आहेत."

खरं तर हाच प्रश्न त्या दिवशी विचारण्यासारखा होता, आणि तारीखही त्याला सोयीची होती. जूनमध्ये स्ट्रॉबेरी, जुलैत चेरी, ऑगस्टमध्ये पीच हे सगळं दोन दिवसांत खाऊन संपवायचं. पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाजारात असतं तेच मुळी हिवाळा काढायला पिकवलेलं. भोपळे, कोबी, बीट, गाजरं, कांदे, बटाटे, सफरचंदं. आदल्या रात्री हॅलोविन, म्हणजे भोपळे कोरून दारात ठेवायचा सण, झालेला, त्यामुळे भोपळेवालाही नमतं घेत होता. मी पोराला टेबलावर बसवलं आणि त्यांच्याबरोबर गेले. रांगेतले रागावले असतील. रागावू देत.

भोपळेवाला बोलायला लागला की थांबत नाही, त्या दिवशी ते पथ्यावर पडलं. बटरनट जातीचा भोपळा घ्या, देठ शाबूत असलेलाच, देठ तुटला की तिथूनच सडतो. फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, कोरड्या थंड कोपऱ्यात ठेवला तर फेब्रुवारीपर्यंत हात लावायला नको. एकॉर्न जातीचा मात्र आधी संपवा. शोभेचे चित्रविचित्र भोपळे टोकनावर देता येत नाहीत, कारण ते खायचे नसतात. गाजर-बिटांची पानं आजच कापा, नाहीतर ती मुळातलं पाणी ओढतात. सफरचंदं गाजरांशेजारी ठेवू नका, गाजरं कडू होतात.

"आगोटीची खरेदीच झाली की ही," बाई म्हणाल्या. माहेर गुहागरचं. पावसाळ्याआधी घरात कांद्यांच्या माळा आणि सुकट भरून ठेवणारी माणसं त्यांनी बघितली होती, त्यांना कुठल्या भोपळ्याला किती दिवस हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. शेवटी दोन लसणाचे गड्डे उचलले. खायला नाही, लावायला. लसूण इथे बर्फ पडायच्या आत लावतात. या मदतीवर खाण्याच्या झाडांचं बी-बियाणं, रोपं घेता येतात. १९७३ पासूनचा नियम आहे, फारच थोड्यांना माहीत असतो. मी स्वतः टेबलावर पाटी लावून ठेवली आहे, तरी.

नियमांचं एकच पटत नाही. सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या रसाचा, थंड कॅन टोकनावर मिळतो, शेजारी डोनटही मिळतं. तोच सायडर पातेल्यात गरम केला की मिळत नाही, कारण गरम अन्न चालत नाही. बाईंचा धाकटा कुडकुडत पातेल्याकडे बघत होता. सायडरवालीने कप भरला आणि "हा गार झालाय, फेकायचाच होता," असं सांगून त्याच्या हातात दिला. कपातून वाफ येत होती.

पुढचे दहा-बारा दिवस आज अर्धे, उद्या पूर्ण, परवा थांबा असंच चाललं. १२ नोव्हेंबरच्या रात्री सरकार पुन्हा सुरू झालं. आजोबांना मी म्हटलं, आता तरी टोकनं परत करा, कार्डावर जमा करून देते, मशीनमध्ये तशी सोय आहे. नको म्हणाले. पुढचे शनिवार ते चार सफरचंदं आणि एक कोबी असं सावकाश घेत राहिले. वर्षअखेरीच्या हिशेबात त्यांच्या खिशातली रक्कम 'बाजाराबाहेर फिरती' म्हणून दाखवावी लागली, आणि मॅनेजरबाईंनी मेसाठी टोकनांची दुप्पट ऑर्डर दिली.