जिभेवरचा व्रण आणि हृदयाची गोळी: माझा अनुभव

"जिभेचं दाखवायचं असेल तर दाताच्या डॉक्टरकडे जा, इथे हृदयाचे पेशंट बसलेत." हे वाक्य मी सात आठवड्यांत तीन वेळा ऐकलं. अजून आठवलं की डोकं तापतं, कारण मला दाताच्या डॉक्टरांनीच तिथे पाठवलं होतं.

माझी अँजिओप्लास्टी तीन वर्षांपूर्वी झाली. दिवाळीनंतर जिना चढताना छातीत परत भरून यायला लागलं, म्हणून निकोरँडिल ही हृदयाची गोळी सुरू झाली. आधी 5 मिलीग्रॅम दोन वेळा, मग 10, मग 20. छातीचं थांबलं. संक्रांतीच्या सुमारास जिभेच्या डाव्या कडेला मसुराएवढा व्रण आला.

तोंड येणं मला नवीन नाही. नेहमीचा फोड पांढरट असतो, कडेने लाल, आणि आठ-दहा दिवसांत जातो. हा गेला नाही. महिन्याभरात शेंगदाण्याएवढा झाला, मध्ये खड्डा पडला आणि कळ कानापर्यंत जायची. घरात सगळे म्हणाले उष्णता झाली. जाईचा पाला चावला, साजूक तूप लावलं, ज्येष्ठमध चघळलं. मेडिकलवाल्याने बी कॉम्प्लेक्स आणि एक जेल दिलं. मी सहा आठवडे असेच घालवले, आणि ती माझी चूक होती. तोंडातला कुठलाही व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर तंबाखू खात असा नाहीतर नसा, दाखवायलाच हवा.

गावातल्या दातांच्या डॉक्टरांनी टोकदार झालेली दाढ घासून दिली आणि पंधरा दिवस वाट बघायला सांगितली. फरक पडला नाही. मग डेंटल कॉलेजमध्ये तुकडा काढून तपासला. कॅन्सर नाही. हिमोग्लोबिन, बी-12, साखर ठीक. तो रिपोर्ट हातात आला तेव्हा बायको बाकावर बसून रडली.

मग तिथल्या ओरल मेडिसिनच्या, म्हणजे तोंडाच्या आजारांच्या, मॅडम म्हणाल्या, "पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर काढा." पाच पाकिटं होती. त्यांनी निकोरँडिलचं उचललं आणि विचारलं, ही कधीपासून? डोस कधी वाढवला? तोपर्यंत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. या गोळीने असे खोल, न भरणारे व्रण होतात, हे फ्रान्समधल्या डॉक्टरांनी 1997 मध्येच लिहिलंय. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी 2016 मध्ये कळवलंय की छातीच्या दुखण्याला ही पहिल्या पसंतीची गोळी नाही आणि व्रण झाला तर बंद करावी. गोळी चालू आहे तोवर मलमाचा फारसा उपयोग नाही, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. आणि बजावलं, "स्वतःहून एक दिवसही बंद करायची नाही. बदल हृदयाचे डॉक्टरच करतील." तशी चिठ्ठी लिहून दिली.

त्या चिठ्ठीवर निर्णय मिळवायला मला सात आठवडे लागले.

पहिल्या खेपेला सकाळी साडेसातला केसपेपर काढला आणि दुपारी चारला आत गेलो. मोठे डॉक्टर नव्हते. सहायकाने चिठ्ठी वाचली, "असं सहसा होत नाही" म्हणाला आणि तीच गोळी पुढे लिहिली. दुसऱ्या खेपेला काउंटरवरूनच परत पाठवलं, बाहेरची चिठ्ठी चालत नाही म्हणून. तिसऱ्या खेपेला त्याच इमारतीत कान-नाक-घशाकडे धाडलं. त्यांनी आरशाने पाहिलं आणि लिहिलं, "हृदयरोग विभागाचा सल्ला घ्यावा." म्हणजे मी परत त्याच दारात. तोवर मी पातळ पिठल्यात कालवलेल्या भातावर दिवस काढत होतो. सात किलो वजन गेलं होतं. शब्द नीट उच्चारता येत नव्हता, त्यामुळे काउंटरवर भांडायचं तरी कसं?

चौथ्या खेपेला मुलगा सोबत आला. आम्ही आवाज चढवला नाही. तो सहायकाला एवढंच म्हणाला, "व्रण असूनही ही गोळी चालू ठेवावी, असं केसपेपरवर लिहून खाली सही करा." सहायक उठला आणि आत गेला. दहा मिनिटांत मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. जीभ पाहिली, चिठ्ठी वाचली, ईसीजी काढला, निकोरँडिल बंद करून दुसरी गोळी लिहिली आणि पंधरा दिवसांनी छातीचं कळवायला सांगितलं. सगळं मिळून फार तर पाच मिनिटं. या पाच मिनिटांसाठी मी सात आठवडे उपाशी होतो.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर हेच वाक्य वापरा. मला ते पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

व्रणाचे फोटो दर आठवड्याला तारखेसकट काढून ठेवा. मोठ्या डॉक्टरांनी तेच आधी मागितले. चिठ्ठीत गोळीचं कंपनीचं नाव नको, आतल्या औषधाचं नाव हवं. तुकडा काढायच्या आधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल सांगा, पण त्या मनाने थांबवू नका. आणि जेवणाआधी बधिर करणारं जेल लावत असाल तर वर गरम चहा घेऊ नका. मला भाजलेलं कळलं नव्हतं.

डेंटल कॉलेजच्या रांगेत सांधेदुखीच्या एक ताई होत्या. ओठांपासून घशापर्यंत तोंड सोललेलं. मेथोट्रेक्सेट ही सांधेदुखीची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते, ती त्या रोज घेत होत्या. पाकीट देताना त्यांना कोणी नीट समजावलंच नव्हतं. मॅडमनी त्यांना तशाच ताबडतोब दवाखान्यात भरती व्हायला पाठवलं. त्यांची आठवण अजून येते.

गोळी बदलल्यावर दहाव्या दिवशी कळ कमी झाली. सहाव्या आठवड्यात व्रण भरला, जागी बारीक पांढरी खूण राहिली. त्या रविवारी मी भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली, अर्धीच, पण खाल्ली.

एक सांगायचं राहिलं. हीच गोळी गुदद्वाराशी, कातडीवर आणि आतड्यातही व्रण करू शकते. तिथे दुखत असेल तर लाजून लपवू नका, त्याच चिठ्ठीत लिहून घ्या.