चटणीची आंघोळ

आमच्या घरात पाण्याची उतरंड आहे. पिण्याचं पाणी झाकणाच्या पिंपात, स्वयंपाकाचं तांब्याच्या हंड्यात, आंघोळीचं निळ्या ड्रमात, आणि धुणं झाल्यावर उरलेलं फेसाचं पाणी संडासासाठी बादलीत. सोलापुरात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. उजनीचं पाणी शंभरेक किलोमीटर वाहून शहरात येतं आणि आमच्या नळाला चार-पाच दिवसांतून एकदा दर्शन देतं, तेही बहुतेक पहाटे. त्यामुळे आमच्या आठवड्याला सोमवार-मंगळवार नसतात. पाण्याचा दिवस, पाण्याचा दुसरा दिवस, आणि मग 'जपून वापरा'चे दिवस.

ह्या उतरंडीत कुत्र्याची आंघोळ नेमकी कुठे बसवायची, हा प्रश्न चटणीमुळे आला.

चटणी म्हणजे आमची कुत्री. गावठीच. मुलानं गल्लीतून शर्टात गुंडाळून आणली तेव्हा ओंजळीत मावत होती, आणि रंग थेट उखळात कुटून तेल सुटलेल्या शेंगाचटणीचा. दुसरं नाव कुणाला सुचलंच नाही. शेजारच्या तेलुगू अक्का तिला 'कुक्का' म्हणतात, समोरचे कानडी काका 'नाई' म्हणतात, ती दोघांनाही तितकीच शेपटी हलवते. तिच्यासमोर 'आंघोळ' हा शब्द उच्चारायचा नाही असं आम्ही घरात ठरवलं होतं. पण तिला शब्द लागतच नाही. पाण्याचा दिवस नसताना नवऱ्यानं पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली तर ती ढुंकून बघत नाही. पाण्याच्या दिवशी दुमडली, की ही कॉटखाली, थेट भिंतीला चिकटून. हा हिशोब तिला कसा जमतो कोण जाणे. आम्हाला सुद्धा नळ सुटेपर्यंत खात्री नसते.

पहिल्या आंघोळीच्या वेळी सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, दोन गोष्टी स्पष्ट केल्या. "न्हाणीत कुत्रं यायचं न्हाई" आणि "मी हात लावनार न्हाई." मग मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाजवळ जागा ठरली. तिथे कढीपत्त्याचं झाड आहे, पाणी वाहून त्याच्या आळ्यात जातं. म्हणजे पाणी वाया गेलं असं कुणी म्हणू शकणार नव्हतं.

ती पहिली आंघोळ आठवली की अजून हसू येतं. नवऱ्याने आपला महागाचा शॅम्पू आणला होता. एवढ्या मायेनं त्याने तो मला कधी दिल्याचं आठवत नाही. चटणीच्या डोक्यावर वरून तांब्या उपडा केला, डोळ्यांत पाणी, कानात पाणी, आणि मग ती हादरली. मी शब्द जपून वापरतेय. नाकापासून सुरुवात झाली, लाट मानेवरून पोटाकडे, पोटाकडून शेपटीच्या टोकापर्यंत. चष्मा, भिंत, दोरीवरचे वाळलेले कपडे, सगळं ओलं. वर आठवडाभर तिला खाज सुटली ती वेगळीच. डॉक्टर म्हणाले, माणसाची कातडी आम्लधर्मी, कुत्र्याची जवळजवळ उदासीन, आपला साबण-शॅम्पू तिला सोसत नाही. कुत्र्यांचा मिळतो तो आणा, आणि महिन्यातून एकदा पुरे. सारखं धुतलं तर अंगावरचं नैसर्गिक तेल निघून जातं. हे ऐकून घरात सर्वांत जास्त आनंद निळ्या ड्रमाला झाला असेल.

त्या हादरण्याचं पुढे मी वाचलं. अटलांटातल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरापासून अस्वलापर्यंत ओले प्राणी अंग कसं झटकतात ते वेगवान कॅमेऱ्यानं टिपलं आणि 2012 मध्ये छापलं. प्राणी जेवढा लहान तेवढा झटका वेगवान. उंदीर सेकंदाला तीसेक वेळा, कुत्रा चार-पाच वेळा. कातडी सैल असते म्हणून ती अंगापेक्षा जास्त फिरते, आणि निमिषात केसांतलं सत्तर टक्के पाणी उडून जातं. मला हे वाचताना आमच्या पाण्याचा हिशोब आठवला. धरणातून निघालेलं पाणी शंभर किलोमीटर येणार, टाकीत चढणार, पहाटे नळाला येणार, ड्रमात चार दिवस राहणार, चटणीच्या पाठीवर दोन मिनिटं टेकणार आणि सत्तर टक्के माझ्या साडीवर येणार. गल्लीत एवढ्या तातडीनं परतफेड करणारं दुसरं कुणी नाही.

दुसऱ्या महिन्यात आत्या ओट्यावर बसून बघत होत्या. नवरा मान धरतोय, मुलगा शेपटीकडून पाणी ओततोय, मी सगळ्यांना सूचना देतेय, आणि चटणी फरशीवरून चारी पाय पसरून घसरतेय. पाच मिनिटं त्यांनी सहन केलं. मग पदर खोचला.

"सरा बाजूला. म्हशी धुतल्यात म्या."

हे प्रेम नव्हतं, हे मला आजही ठामपणे वाटतं. वाईट पद्धतीनं केलेलं काम आत्यांना बघवत नाही, एवढंच. भाकरी असो, कपड्याची घडी असो की कुत्रं. त्यांनी आधी गोणपाट मागवलं आणि चटणीच्या पायांखाली अंथरलं, घसरणं थांबलं. तांब्या वरून ओतायचा नाही, अंगाला टेकवून सोडायचा, म्हणजे पाण्याचा आवाज होत नाही. पाणी कोमट, मनगटावर घेऊन बघितलेलं. सुरुवात मानेपासून, डोकं सगळ्यात शेवटी आणि तेही ओल्या फडक्यानं पुसून. डोकं कोरडं राहिलं की जनावर सहसा अंग झटकत नाही, हे आत्यांना जॉर्जिया टेकचं नाव न ऐकताही ठाऊक होतं. त्यांचे शब्द वेगळे. "नाकाला पानी लागलं, की सुटलं बग ते." कानात कापसाचे बोळे मात्र माझी भर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आत पाणी राहिलं तर कान पिकतो.

आणि गोचीड. उन्हाळ्यात सोलापूरच्या कोरड्या उन्हात माणसं सुकतात, गोचीड मात्र मजेत असतात. कुत्र्याची तपकिरी गोचीड नुसती अंगावर नाही, भिंतीच्या फटीतही राहते, म्हणून एकदा घरात शिरली की घर सोडत नाही. तिच्यामुळे ताप येतो, रक्त कमी होतं, कुत्रं खाणं सोडतं. चटणी एका उन्हाळ्यात त्यातून गेली, तेव्हापासून आंघोळ म्हणजे तपासणीसुद्धा. कानाच्या पाळीमागे, काखेत, बोटांच्या मध्ये. आत्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढतात आणि वाटीतल्या स्पिरिटमध्ये टाकतात. पूर्वी रॉकेल असायचं म्हणे. नखानं चिरडायची नाही, हा दंडक. साबण लावतानाही पहिलं कडं मानेभोवती, म्हणजे पिसवा पळून डोक्यावर चढत नाहीत. हे सगळं चालू असताना त्या चटणीशी बोलत असतात, पण लाडानं नाही, रागावून. "उभी रहा सटवे. कुठं लोळली हुतीस?" आणि ती उभी राहते. आमच्याकडे बघून मात्र असा चेहरा करते, की जणू घर तिच्या नावावर असताना आम्ही फसवून सही घेतली.

पुसायला टॉवेल. इथे आम्ही खऱ्या अर्थानं श्रीमंत. सोलापुरी चादरीसारखंच सोलापुरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. लोक पाहुण्यांना भेट म्हणून नेतात. आमच्या कुत्रीला त्याचेच दोन लागतात, एक पाठीला आणि एक पोटाला. शेजारच्या अक्कांच्या घरी पूर्वी माग होते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या कठड्यावरून ओरडल्या, "कुक्काला असला टॉवेल? अगं, किती घट्ट विणलाय बघ!" मला वाटलं रागावल्या. दुसऱ्या दिवशी स्वतःच किनार उसवलेले चार टॉवेल आणून दिले.

दिवाळीत एक मजा झाली. नरक चतुर्दशीला पहाटे तेल-उटणं सुरू होतं, आणि मुलानं मोबाइलवर दाखवलं की नेपाळमध्ये त्याच दिवशी 'कुकुर तिहार' असतो. कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा, कपाळाला टिळा, समोर खाऊ. आत्यांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं. त्या दिवशी नळाचा दिवस नव्हता, ड्रम अर्धा होता. म्हणून आंघोळ नाही, पण उरलेल्या उटण्याचं बोट चटणीच्या कपाळाला लागलंच. "दत्ताच्या पायाशी चार हायत, आमच्या पायाशी एक," म्हणाल्या. मग फटाके सुरू झाले आणि ती टिळ्यासकट कॉटखाली गेली, ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही.

आंघोळ संपली की मात्र ती वेडी होते. अंगणात गोल गोल, कान मागे, ढुंगण खाली, तुळशीवृंदावनाला तीन प्रदक्षिणा. मग अंग घासायला जे मिळेल ते, पायपुसणं, भिंत, माझा परकर. आम्हाला ती स्वच्छ वाटते. तिला बहुधा वाटत असेल की कुणीतरी तिचं नाव पुसून टाकलं. ज्याची दुनिया नाकावर चालते, त्याच्या अंगाला शॅम्पूचा लिंबाचा वास म्हणजे काय, याची कल्पना मी उदबत्तीच्या दुकानात डोकं धरून उभी राहते तेव्हा थोडीशी येते.

परवाची आंघोळ मे महिन्यातली. बेचाळीस तापमान, फरशीवर पाय ठेववत नव्हता. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जो काय येतो तो तळव्यांना, बाकी सगळा भार जिभेवर. गोचीड दोन निघाल्या. टॉवेल झाले, कापूस निघाला, चटणी चकचकीत, पाठीवर ऊन पडलं की तांब्याच्या हंड्यासारखी. आम्ही सगळे सावलीत ताक पीत बसलो. ती दाराकडे गेली, परत आली, आमच्याकडे एकदा नीट बघितलं आणि कढीपत्त्याच्या आळ्याकडे वळली. तिच्याच आंघोळीचं पाणी तिथे जिरून माती काळीशार, गार झाली होती. दोन पायांनी चार वेळा उकरलं, पोट त्या चिखलात नीट बसवलं, आणि डोळे मिटले.

नवरा उठायला लागला. आत्यांनी हात धरून खाली बसवला.

"बसू दे. तिच्या वाटचं पानी हाय ते."