बगी अपडेट ४ : पॅक निर्दोष सुटला

माझ्या रिमोट कंट्रोल रेसिंग बगीला हेअरपिनवर (अगदी तीव्र वळणावर) बसणाऱ्या झटक्याचं कारण एकदाचं सापडलं. मागच्या नोंदीत सगळं खापर लायपोवर, म्हणजे बॅटरी पॅकवर, फोडलं होतं, ते मागे घ्यावं लागतंय.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी जुळणी: १/१० टूव्हील बगी, १७.५ टर्न सेन्सर्ड मोटर, ६० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) ब्लिंकी मोडवर (टायमिंग न वाढवता), २एस (दोन सेलचा) ५००० एमएएचचा पॅक आणि २५ किलो जोराचा सर्व्हो (चाकं वळवणारी मोटर). पहिली पाच मिनिटं गाडी सुरेख पळते. मग डाव्या हेअरपिनमधून थ्रॉटल देत बाहेर पडताना सेकंदभर सगळं मरतं आणि आपसूक परत येतं.

यात ‘सगळं’ हा शब्द महत्त्वाचा. लो व्होल्टेज कटऑफ लागला तर थ्रॉटल जातो, स्टीअरिंग चालू राहतं. ईएससी तापून थांबला तरी तेच. सेन्सर वायर सैल असेल तर मोटर अडखळते, चाकं वळतच राहतात. इथे स्टीअरिंगही मेलं होतं आणि रिसीव्हरचा (रिमोटचे सिग्नल घेणाऱ्या डबीचा) दिवा विझून पुन्हा लागत होता, म्हणजे रिसीव्हरलाच वीज मिळत नव्हती. कटऑफ सेलमागे ३.२ वरून ३.० व्होल्टवर आणण्यात गेला आठवडा वाया गेला तो त्यामुळेच. (आता तो परत ३.२ वर.)

झटका शर्यतीच्या उत्तरार्धातच येतो, म्हणून पॅकचं व्होल्टेज बसतंय असं वाटलं होतं. पण पाच मिनिटांत पॅकबरोबर आणखी एक गोष्ट बदलते: ईएससी तापतो. दोन्ही वेगळं करायला साधी चाचणी पुरली. गाडी स्टँडवर, चाकं हवेत, स्टीअरिंग डावीकडे पूर्ण दाबून धरायचं. थंड ईएससी आणि अर्धा पॅक: काही नाही. लॅप मारून आलेला गरम ईएससी आणि नुकताच भरलेला ८.४ व्होल्टचा पॅक: दोन सेकंदांत रिसेट. पॅक सुटला.

आता गणित. ईएससीच्या आतला बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होला वीज देणारं सर्किट) ६ व्होल्टला ३ अँपिअरचा. सर्व्होच्या कागदावर ६ व्होल्टला स्टॉल करंट (अडकल्यावर खेचला जाणारा) ३.४ अँपिअर. म्हणजे सर्व्हो अडकला की बीईसी आधीच हद्दीबाहेर. थंड असताना तो कसाबसा ओढतो. पण बीईसीची चिप ईएससीच्याच सर्किट पाटीवर, मोटरचा करंट वाहून तापलेल्या फेट्सच्या (ट्रान्झिस्टरच्या) शेजारी. पाटी तापली की ३ अँपिअरही निघत नाहीत, चिप स्वतःला वाचवायला बंद होते आणि जाताना रिसीव्हरला घेऊन जाते.

मल्टिमीटरने हे पकडायला जाऊ नका. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलवर तो आरामात ५.९ दाखवत होता, क्षणभराची घसरण त्याला दिसतच नाही. त्यापेक्षा सर्व्होच्या लाल वायरीत १० अँपिअरच्या सॉकेटवरून मीटर जोडा. पूर्ण डावीकडे धरल्यावर २.६ अँपिअर, तोही सतत. मीटरच्या वायरींत थोडं व्होल्टेज पडतं, त्यामुळे खरा आकडा याहून जास्तच असणार.

पहिला उपाय म्हणून ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर रिकाम्या चॅनेलवर लावला (पट्टीची बाजू मायनसला, उलटा लावला तर फुटतो). उपयोग शून्य, आणि तो का नाही हे आधीच कळायला हवं होतं: ३ अँपिअर खेचले तर तो १ व्होल्ट घसरायला दीड मिलिसेकंद लागतात. झटपट हिसक्यांसाठी ठीक, अडकून बसलेल्या सर्व्होसाठी नाही. या डब्यांना जादूची कांडी म्हणून विकणाऱ्यांचा राग येतो तो इथे.

मग बेत बाहेरचा बीईसी बसवण्याचा. ५ अँपिअरचा, थेट पॅकच्या वायरींना डाखून, ईएससीच्या रिसीव्हर प्लगमधली लाल पिन काढून टेप लावायची. ती पिन विसरलात तर दोन बीईसी एकमेकांशी भांडतात. वायरी कापायला घेतल्या आणि प्रश्न पडला: डावीकडे पूर्ण वळल्यावर सर्व्हो अडकतोच का?

कारण नकल (पुढचं चाक धरणारा, वळणारा भाग) स्टॉपला टेकल्यावरही सर्व्हो ढकलतच होता. ट्रान्समीटरचे एंडपॉइंट (सर्व्हो दोन्ही बाजूंना किती वळेल याची मर्यादा) जन्मापासून १००/१०० वर. ते आता लावले: हॉर्न (सर्व्होवरचा दांडा) मधोमध, सबट्रिम (मध्यबिंदूची बारीक दुरुस्ती) शून्याजवळ, मग चाक स्टॉपला टेकेपर्यंत टक्केवारी वाढवून दोन टक्के मागे. डावीकडे ८१, उजवीकडे ८७. मीटरवर आता ०.३ अँपिअर. आठ मिनिटांच्या सलग तीन फेऱ्या, गरम ईएससीवर, एकही झटका नाही. बाहेरचा बीईसी पाकिटातच राहिला.

तरी सर्व्हो बदलायचाच आहे, कारण गाडी आपटली की तो पुन्हा स्टॉल होणार. सुरुवातीला सगळेच किलो बघून सर्व्हो घेतात. टूव्हील बगीला १० ते १५ किलो भरपूर. (६० अंश वळायला) ०.१० सेकंदाच्या आसपासचा वेग बघा आणि स्टॉल करंट बीईसीच्या दोन तृतीयांशाच्या आत ठेवा. विक्रेता स्टॉल करंट लिहीतच नसेल तर तो सर्व्हो सोडून द्या. सर्व्होच्या आसावरचे दात मोजायला विसरू नका: फुटाबा आणि साव्हॉक्स २५, हायटेक २४, सानवा आणि केओ २३. २३ चा हॉर्न २५ वर ठोकून बसवला की दात गेलेच.

लहानसा आनंद: एक्सटी६० (बॅटरीच्या प्लग) चे नवे डाख आरशासारखे आलेत. ८० वॅटचा सोल्डरिंग आयर्न, जाड टोक, आणि डाखताना समोर दुसरा प्लग खोचलेला, म्हणजे प्लॅस्टिक वितळून पिना वाकड्या होत नाहीत.

गिअरिंग ७२/२४ वर (मोठ्या चाकाचे दात / मोटरवरच्या पिनियनचे दात), २.६ च्या गिअरबॉक्ससह ७.८. आठ मिनिटांनंतर मोटर ५८ अंश, म्हणजे जागा आहे. आधी २६ चा पिनियन लावून ७.२ करायचं ठरलं होतं. पण आता पाटीवरचा बीईसीचा भार उतरलाय, तर सरळ २७, म्हणजे ६.९३. मेश (दातांमधली फट) कागदाच्या पट्टीने. तीन मिनिटांनी थांबून तापमान, ७५ च्या वर दिसलं तर परत २६.