मुंबईचा प्लेग, एक्सेल आणि आजीचे उंदीर

कोविडमध्ये सगळे आर नॉट आर नॉट (एका रुग्णापासून सरासरी किती जणांना लागण होते तो आकडा) करत होते ना, तेव्हा मीपण ग्राफ फॉरवर्ड करण्यात पुढे होतो. पण त्या सगळ्या मॉडेल्सच्या आजोबाने, म्हणजे साथ कशी चढते-उतरते त्याचं गणित मांडणाऱ्या एसआयआर मॉडेलच्या १९२७ च्या मूळ पेपरने, पडताळा बघायला आकडे घेतले ते आपल्या मुंबईच्या प्लेगचे, हे परवा कळलं आणि रविवार त्यातच गेला.

लिहिणारे दोघं, करमॅक आणि मॅकेन्ड्रिक. मॅकेन्ड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर, कसौलीला काम केलेला. करमॅक केमिस्ट, प्रयोगशाळेतल्या अपघातात त्याचे दोन्ही डोळे गेलेले, तरी माणूस गणितं करतोय!

आयडिया साधी आहे. माणसांचे तीन डबे करायचे, अजून लागण न झालेले, लागण झालेले, आणि बरे होऊन किंवा मरून बाहेर पडलेले. पहिल्या डब्यात माणसं कमी होत गेली की आजाराला नवीन गिऱ्हाईक मिळेनासं होतं आणि सगळ्यांना व्हायच्या आधीच साथ ओसरते. हे त्या काळात सुचणं म्हणजे कमालच.

मग मी त्यांचं सूत्र एक्सेलमध्ये टाकलं. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६, आठवड्याला किती मेले ते. सुरुवातीला आठवड्याला चारेक, मग चढत चढत एप्रिलच्या मध्यावर ८९०, आणि तितकाच सरळ उतार. पेपरात खऱ्या आकड्यांचे ठिपके या डोंगरावर इतके चपखल बसलेत की बघतच राहावं.

पण सगळी बेरीज मारली तर येतात नऊएक हजार. अरे, मुंबई तेव्हा नऊ-दहा लाखांची! मग एवढ्यातच पहिला डबा रिकामा कसा होईल? आणि प्लेग तर दर वर्षी हिवाळ्यात चढायचा आणि उन्हाळ्यात उतरायचा, म्हणजे उतार माणसं संपल्याने नाही, उंदीर आणि त्यांच्यावरून माणसाला प्लेग देणाऱ्या पिसवा यांच्या हिशोबाने असणार. त्या दोघांनीपण पेपरात कबूल केलंय की खरी साथ उंदरांची आहे आणि आमची गृहीतकं इथे नीट लागू होत नाहीत. ते वाक्य पुढे कोणी फॉरवर्ड केलं नाही एवढंच.

आमची आजी तिच्या आईचं सांगायची, घरात उंदीर मरून पडला की भांडीकुंडी उचलायची आणि सगळं गाव माळावर झोपड्या टाकून राहायला. माणूस आजारी पडायची वाट कोण बघतंय.

म्हणून आता शीटमध्ये उंदरांचे वेगळे तीन डबे केलेत. त्याच सुमारास परळच्या प्रयोगशाळेत उंदीर पकडून तपासत होते, ते आकडे मिळाले तर टाकीन. सध्या माझे उंदीर फेब्रुवारीतच संपतायत, कुठेतरी भागाकार चुकलाय.