वर्गात त्याच्या शेजारी कोण बसणार

माझ्या लेकाला ऑटिझम आहे, त्याच्यासाठी आज परत शाळेत जाऊन आले. मुख्याध्यापिका मॅडम चांगल्या बोलल्या, चहा पण दिला, पण म्हणणं तेच की शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्याच्या शेजारी बसून मदत करणारी ताई, तुम्ही आणा, पगार तुम्ही द्या, मग आम्ही त्याला वर्गात बसवू. म्हणजे लेक दुसरीत शिकणार शाळेत आणि त्याला शिकवायची जबाबदारी मात्र घरच्यांची.

मी बॅगेतून कायद्याची प्रिंट काढून ठेवली समोर. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात जी 21 दिव्यांगत्वं आहेत त्यात ऑटिझम आहे, आणि कलम 16 मधे स्पष्ट लिहिलंय की सरकारमान्य शाळांनी मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करायच्या, लागेल तो आधार द्यायचा. 2021 मधे सुप्रीम कोर्टानं तर प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक स्पेशल टीचर हवा असंही सांगितलंय. मॅडम म्हणाल्या, बघते. बघू दे, पण मी मागे लागणार.

आणि खरं सांगायचं तर नुसती शॅडो टीचर मिळाली म्हणजे झालं असंही नाही. पहिलीत एक ताई होत्या, प्रेमळ होत्या अगदी, पण दिवसभर त्याच्या हातावर हात ठेवून लिहून घ्यायच्या, डबा उघडून द्यायच्या, बाईंनी काही विचारलं की उत्तर ताईच द्यायच्या. वही एकदम सुंदर! घरी तेच पान लिहायला दिलं तर पेन्सिल धरून माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. वर्गातली मुलंसुद्धा त्याच्याशी बोलायची ती ताईंना विचारून. वर्गशिक्षिकेला वाटायचं तो ताईंचा विद्यार्थी, आपला नाही.

आमच्या ओटी मॅडम (त्याच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट) म्हणतात ते मला पटतं, मदतनीस पहिल्या दिवसापासून बाजूला व्हायच्या तयारीनं यायला हवी. आधी शेजारी, मग मागच्या बाकावर, मग नुसता इशारा, मग तोही नाही. आणि हे सगळं आयईपी मधे, म्हणजे खास त्याच्यासाठी आखलेल्या शिक्षणाच्या योजनेत, लिहिलेलं हवं, दर टर्मला बसून तपासलेलं हवं.

वर्गशिक्षिकेनं मनावर घेतलं तर काय होतं ते यावर्षी बघितलंय ना मी. या बाईंनी त्याच्या बाकावर वेल्क्रोची पट्टी लावलीय, त्यावर चित्रांची कार्डं, प्रार्थना, मराठी, डबा, गणित, घर. परवा चित्रकलेचा तास रद्द होऊन गॅदरिंगची प्रॅक्टिस आली, तर बाईंनी आधीच त्याच्याजवळ जाऊन चित्रकलेचं कार्ड काढलं आणि ढोलाचं लावलं, त्याच्याच हातानं लावून घेतलं. रडला थोडा, कान झाकले, पण गेला. हेडफोन लावून मागच्या रांगेत उभा राहिला आणि दोन गाणी होईपर्यंत थांबला. गेल्या वर्षी अशा वेळी मला ऑफिसमधून बोलावून घ्यायचे. खर्च किती तर कार्डशीट आणि वेल्क्रोचा, बस.

म्हणून रात्री अर्ज लिहायला बसले. पगाराचा मुद्दा आहेच, तो सोडणार नाही, पण सगळ्यात वर लिहिलंय की तिसरीत पण याच बाई द्या, आणि मदतनीस कोणीही आली तरी तिला काय करायचं ते बाई सांगतील. यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) झेरॉक्स जोडलीय, एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना. सोमवारी हे हाफ डे टाकतायत, दोघं जाऊन देणार आणि पोच घेतल्याशिवाय निघणार नाही.