सशाचं रक्त आणि एक रकाना : माझा अनुभव

एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये मला एवढंच दाखवायचं होतं : स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूचं विष, म्हणजे अल्फा टॉक्सिन, रक्तातल्या तांबड्या पेशीच्या पटलाला भोक पाडतं, आणि ते भोक साधारण केवढं असतं. टॉक्सिन विकत मिळालं, मशीन मिळालं. अडलं ते रक्तापाशी.

सशाच्या कानाच्या शिरेतून थोडंसं रक्त काढायचं, ससा ठणठणीत राहतो. तरी प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि ती लागायलाच हवी. पण ‘ससाच का?’ या रकान्यावरून अर्ज किती वेळा परत यावा? शेरा एकच : रक्तपेढीतलं मुदत संपलेलं रक्त वापरा. मी लिहून दिलं की माणसाच्या तांबड्या पेशींवर या टॉक्सिनचा परिणाम सशाच्या मानाने फारच कमी होतो. पुन्हा तोच शेरा. मग बैठकच पुढे गेली. नागपुरात एप्रिल तापलेला, मी ऑफिसबाहेरच्या बाकावर, आणि आतून उत्तर, “पुढच्या मिटिंगमध्ये ठेवू, मॅडम.” नेमकं काय हवंय ते कुणी सांगेना, याचा राग अजून गेलेला नाही. शेवटी समितीतल्या पशुवैद्य सरांना गाठलं. ते म्हणाले, “किती ससे, एका वेळी किती रक्त, मध्ये किती दिवसांची विश्रांती, हे लिहा.” फॉर्ममध्ये हे कुठेच विचारलेलं नव्हतं! लिहिलं, मंजूर झालं. तुम्ही पशुवैद्यांना आधीच भेटा.

पुढचं काम मात्र सुंदर. टॉक्सिनचे ७ रेणू पटलावर कडं करतात आणि १४ पट्ट्यांची नळी आरपार घुसवतात. ही रचना १९९६ मध्ये उलगडली. हिमोग्लोबिन त्या नळीत मावत नाही. क्षार आणि पाणी आत शिरतं, पेशी फुगून फुटते. बाहेरच्या द्रावणात पॉलिइथिलीन ग्लायकॉल (पाण्यात विरघळणारं, लहान-मोठ्या मापांच्या रेणूंत मिळणारं रसायन) घातलं, तर लहान रेणूंचं भोकातून आत जातं आणि पेशी फुटतातच. मोठ्या रेणूंचं बाहेर राहतं आणि पेशी वाचतात. भोकाचं माप या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. मोठ्या रेणूंच्या परीक्षानळीत तळाशी लाल थर आणि वर नितळ द्रव दिसला, तेव्हा मी गाईड मॅडमना ओढत आणलं. त्याच पेशी ग्लायकॉल नसलेल्या साध्या बफरमध्ये (क्षारांच्या द्रावणात) घातल्या आणि फुटल्या, म्हणजे भोकं होतीच.

फुटलेल्या पेशींतून बाहेर आलेलं हिमोग्लोबिन ५४० नॅनोमीटरच्या प्रकाशावर मोजताना एक परीक्षानळी टॉक्सिनशिवाय आणि एक नुसत्या पाण्याने फोडलेली ठेवा. आणि रक्त उन्हातून आणताना नळी थेट बर्फाला टेकू देऊ नका. गोठलं की पेशी टॉक्सिनशिवायच फुटतात.