ऑगस्टमधली वेण्णा, कयाकमधून

साताऱ्याहून पहाटे निघून मेढ्यामार्गे साडेसातला केळघर गाठलं. तिघं जण, गाडीच्या टपावर तीन कयाक, म्हणजे एकेकट्यानं वल्हवायच्या निमुळत्या होड्या. वेण्णा महाबळेश्वरात उगम पावते, लिंगमळ्याला कड्यावरून कोसळते आणि या दरीतून कण्हेर धरणाकडे जाते. आम्ही केळघरच्या वरच्या अंगाला, नदी अजून ओढ्याएवढीच असते तिथं उतरलो.

पाण्यात शिरण्याआधी काठावर काठी रोवली. हे कधीच चुकवू नका. डोंगर उभा आहे, कातळ पाणी धरत नाही. माथ्यावर मोठी सर आली की इथं पाणी बघता बघता चढतं. आमची हेल्मेटं, लाइफ जॅकेटं आवळून होईतो पाणी दोन बोटं उतरलं होतं, म्हणून निघालो. चढत असतं तर चहा पिऊन घरी परतलो असतो. रंगावरही नजर ठेवा. माथ्यावर जांभा आहे, पाणी एकाएकी तांबडं झालं की वर जोरात कोसळतोय असं धरून चाला.

वरचा टप्पा म्हणजे काळ्या कातळाच्या पायऱ्या. तिसरी पायरी पुरुषभर उंचीची, अरुंद, खाली पांढरी उकळी. कडेवर शेवटचं वल्हं जोरात ओढून गुडघे वर घ्यायचे, म्हणजे कयाक सपाट पडते. मित्राचं ते वल्हं हुकलं. नाक बुडालं, कयाक उलटी झाली, दोनदा रोल (आत बसूनच उलटी कयाक सरळ करणं) फसला आणि त्यानं स्प्रे स्कर्ट, म्हणजे कंबरेपासून कयाकच्या तोंडावर ताणलेलं आवरण, ओढून अंग मोकळं केलं. मी खाली खडकाआडच्या संथ पाण्याजवळ थ्रो बॅग, म्हणजे फेकायच्या दोरीची पिशवी, घेऊन उभाच होतो. पहिलीच फेक त्याच्या छातीवर पडली. दोरी खांद्यावर घेऊन तो उताणा झाला आणि ओढला गेला. ती दोरी अजून मुठीत जाणवते. खाली माणूस उभा राहिल्याशिवाय वरच्यानं निघायचं नाही.

पुढच्या घळीत उंबराची फांदी आडवी पडलेली होती. तिथं न बोलता कयाक खांद्यावर घेतल्या. फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती फरशीची, म्हणजे नदीवरच्या ठेंगण्या फरशी पुलाची. भातात भांगलण करणारे एक आबा बांधावर येऊन म्हणाले, "पोरांनो, फरशीच्या अलीकडंच निघा. नळ्यात वासरू गेलंवतं, दोन दिसांनी गावलं." चालत जाऊन पाहिलं. पाणी फरशीवर चढलेलं नव्हतं, सगळं खालच्या सिमेंटच्या नळ्यांत खेचलं जात होतं आणि तोंडाशी ओंडका उभा अडकला होता. वरून बघताना पाणी अगदी शांत दिसतं. खालच्या अंगाच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचंही तेच: पावसाळ्यात बरगे (खांबांमधल्या पाणी अडवायच्या फळ्या) काढलेले असले तरी खांबांना काटक्या, झुडपं तटलेली असतात. फरशी किंवा बंधारा दिसायच्या आधीच काठाला लागा. त्यासाठी आदल्या दिवशी सगळा काठ चालून काढा आणि निघायच्या जागेवर झाडाला लाल फडकं बांधा. आम्ही बांधलं होतं, म्हणून वळणावरच दिसलं.

जाण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश नाही ना, हे पाहा, आणि मेढा पोलीस ठाण्यात सांगून जा. दरीत रेंज येते-जाते, तेव्हा १०८ ला फोन करायला एकजण रस्त्यावर गाडीपाशी ठेवा. रोल संथ पाण्यात पक्का झालेला नसेल तर यंदा कण्हेरच्या फुगवट्यावर सराव करा. बांधावरून जाताना भात तुडवू नका. आबांनी आम्हाला त्याच बांधावर बसवून भाकरी दिली.